आवाज कुणी आवरायचा?

प्रश्न : टीव्हीवर मालिका नीट ऐकू येते, पण जाहिरात लागली की घर दणाणतं. ‘रिमोट हातात आहे ना, मग सरकारी नियम कशाला?’ असं घरचे म्हणतात. नियमाची खरंच गरज आहे का?

उत्तर : आहे. पूर्वी वाहिन्यांवर मर्यादा असायची ती आवाजाच्या शिखराला, म्हणजे सर्वांत मोठ्या क्षणाला. जाहिरातवाले ती मोडत नसत. कॉम्प्रेशन वापरून ते हळू आवाज वर उचलत आणि पूर्ण तीस सेकंद शिखराला चिकटून राहत. मालिकेत मात्र संवाद खालच्या पट्टीत असतो, एखादं दार आपटलं तेवढाच आवाज वर जातो. शिखर दोन्हींचं एकच, तरी कानाला जाहिरात कितीतरी मोठी लागते. एखाद्याने आपणहून आवाज उतरवला, तर पुढच्या जाहिरातीसमोर त्याचीच फिकी पडते. त्यामुळे पहिलं पाऊल कुणीच टाकत नाही. इथे सगळ्यांना एकदम लागू होणारा नियमच हवा, श्रोत्याच्या शहाणपणाने हे सुटत नाही.

कानाला जाणवणारा आवाज मोजायची पद्धत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या आधारे युरोपच्या प्रसारक संघाने २०१० मध्ये उणे २३ एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) ही सरासरी पातळी ठरवली. अमेरिकेने त्याच वर्षी जाहिरातींच्या आवाजाचा कायदा केला, तो डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. या मोजणीतही पळवाट निघाली : जाहिरातीत थोडी शांतता ठेवायची, म्हणजे सरासरी खाली येते आणि बाकीच्या वेळात ओरडायला मोकळीक. पुढे मोजणीतून शांत भाग वगळला, तेव्हा ती बुजली. मोजायचं काय हे चुकलं, तर नियम कागदावरच राहतो.

तोवर घरी एवढं करा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा. तरीही आवाज उसळत असेल, तर सेट-टॉप बॉक्सचं ऑडिओ आउटपुट डॉल्बीवरून पीसीएम स्टीरिओवर, म्हणजे साध्या दोन-चॅनेल आवाजावर न्या. कार्यक्रम ५.१ मध्ये (सहा चॅनेलच्या आवाजात) आणि जाहिरात स्टीरिओत असली, की अदलाबदलीत पातळी बदलू शकते. साउंडबार असेल तर नाइट मोड त्याच्यावरच लावा, टीव्हीची सेटिंग बहुधा तिथे पोचत नाही. गाणी ऐकताना मात्र हे सगळं बंद ठेवा, नाहीतर आवाज उगाच वरखाली होतो.

प्रश्न : वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन रात्री जमीन हादरवतं. वेळेचा नियम करावा का?

उत्तर : आधी पाना घ्यायला सांगा. नुसती वेळ ठरवली, तर तेच मशीन सकाळी हादरे देईल. मिनिटाला १२०० फेऱ्यांचा स्पिन म्हणजे सेकंदाला २० हादरे. ते स्लॅबमधून खाली येतात, म्हणून कानात बोळे घालून भागत नाही.

मशीन नवं असेल, तर मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेत का ते पाहा. ते राहिले तर ड्रम जखडलेला राहतो आणि अख्खं मशीन सरकत जातं. मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगलं तर पाय फिरवून टेकवा आणि त्याचा लॉकनट (पाय जागच्या जागी धरणारा नट) वर, बॉडीशी घट्ट आवळा. बरेच जण नट सैलच सोडतात, मग थोड्याच दिवसांत पाय पुन्हा फिरतो. खाली मऊ स्पंज नको, त्यावर मशीन जास्तच डोलतं. कडक रबराच्या चकत्या चालतील. एकच जाड चादर टाकू नका, ती एका बाजूला गोळा होते. रात्री स्पिन ८०० वर ठेवा.

एवढ्यानेही थांबलं नाही, तर रिकामा ड्रम खाली दाबून सोडा. दोन-तीनदा हेलकावला, तर शॉक ॲब्सॉर्बर गेलेत. ते बदलावेच लागतील.