पुरावे देऊनही समोरच्याचे मत बदलत नाही, मग वाद घालावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : राजकारण, एखाद्या समाजगटाविषयीचा पूर्वग्रह आणि धर्मश्रद्धा या विषयांवर जवळच्या माणसांशी वाद होतात, भक्कम पुरावे समोर ठेवूनही ती तसूभर हलत नाहीत आणि संबंध मात्र बिघडतात, तर असे वाद घालावेत का, कसे घालावेत आणि कुठे थांबावे. माझ्या मते वाद अवश्य घालावेत, परंतु हे तीन विषय एकाच माळेत ओवू नयेत. एखाद्या धोरणाबद्दलचे मत, माणसांबद्दलचा ग्रह आणि ईश्वराबद्दलची श्रद्धा यांची मनातली मुळे वेगवेगळी असतात, आणि बहुतेक वाद फसतात ते तिन्ही ठिकाणी पुराव्यांची एकच जंत्री वाचून दाखवल्यामुळे.

पुराव्यांबद्दलची आपली निराशा निराधार नाही. 1979 साली चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात मृत्युदंडाचे समर्थक आणि विरोधक अशा 48 विद्यार्थ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले. मृत्युदंडामुळे गुन्हे कमी होतात असे एकाचे म्हणणे होते, तर दुसऱ्याचे नेमके उलट. दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांना आपल्या मताला अनुकूल असलेला अभ्यास काटेकोर वाटला, प्रतिकूल अभ्यासाच्या पद्धतीत मात्र दोषच दोष दिसले. शेवटी आपले मूळ मत अधिकच पक्के झाल्याचे दोघांनीही सांगितले. पुढे 2010 मध्ये ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफ्लर यांच्या प्रयोगांतून असे सुचवले गेले की चुकीची माहिती दुरुस्त करायला गेले की काही माणसे तिला अधिकच चिकटून बसतात. हा निष्कर्ष इतका लोकप्रिय झाला की 'सांगून काही उपयोग नसतो' या आळसाला शास्त्राची मुद्रा मिळाली. मात्र थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर, 52 मुद्दे घेऊन हीच गोष्ट तपासली तेव्हा असा उलटा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. वस्तुस्थिती सांगितली तर माणसे साधारणपणे ती स्वीकारतात. फक्त वस्तुस्थिती स्वीकारणे आणि पक्ष बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आकडा तुमचा बरोबर आहे, पण माझे मत तेच आहे' हे उत्तर ऐकून आपण चिडतो. वास्तविक त्या वाक्याच्या पूर्वार्धात वादाने आपले काम केलेले असते.

राजकीय धोरणांच्या वादात मला सर्वांत उपयोगी वाटणारा प्रश्न 'का' हा नसून 'कसे' हा आहे. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी 2002 मध्ये दाखवून दिले की कपड्याची चेन किंवा कुलूप यांसारख्या रोजच्या वस्तूंचे कार्य आपल्याला चांगले कळते असे माणसांना वाटते, पण ते पायरीपायरीने समजावून सांगायला लावले की त्यांचा स्वतःच्या समजेबद्दलचा अंदाज खाली येतो. धोरणांच्या बाबतीतही हेच घडते. एखाद्या कराचे समर्थन का करता असे विचारले तर ठरलेली भाषणे ऐकायला मिळतात. तो कर कोणाकडून, कोणत्या टप्प्यावर वसूल होईल आणि त्यामुळे वस्तूची किंमत कशी बदलेल असे विचारले तर दोन्ही बाजूंचा आवाज खाली येतो. एवढ्याने मत मवाळ होते असा 2013 मधील एका अभ्यासाचा दावा होता. 2021 मध्ये त्याची पुनरावृत्ती करताना तो टिकला नाही. समजेचा फुगा फुटतो, मत फुटेलच असे नाही. तरीही ज्याला स्वतःचे अपुरेपण जाणवले आहे त्याच्याशी पुढचे बोलणे सुकर होते, आणि हा प्रश्न आपल्यालाही तितकाच अडचणीत आणतो हा त्याचा मोठा गुण आहे.

पूर्वग्रहाचे प्रकरण निराळे आहे. 'त्या लोकांचा भरवसा नसतो' असे म्हणणारा माणूस कोणतेही गणित मांडत नसतो. त्याच्या बोलण्यामागे एखादा प्रसंग, ऐकीव गोष्ट किंवा लहानपणापासून भिनलेली भीती असते. त्याला गुन्ह्यांची आकडेवारी दाखवली तर तो एखादा अपवाद काढून दाखवतो, आणि 'तू पूर्वग्रहदूषित आहेस' असे म्हटले तर विषय तो समाजगट राहत नाही, त्याची स्वतःची प्रतिष्ठा होते. या बाबतीत डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला यांचे काम मला फार मोलाचे वाटते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अमेरिकेतील मायामी येथे कार्यकर्ते मतदारांच्या दारात जाऊन पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींविषयी सुमारे दहा मिनिटे बोलले. त्यांनी व्याख्यान दिले नाही. आपल्याला कोणी वेगळे ठरवून वाईट वागवले असा स्वतःचा अनुभव मतदारांना आठवायला सांगितला आणि तो निमूटपणे ऐकून घेतला. पूर्वग्रह कमी झाल्याचा परिणाम निदान तीन महिने टिकला. अशाच दारोदारच्या संभाषणांवरचा, पण समलिंगी विवाहाविषयीचा आधीचा एक गाजलेला निबंध त्यातील माहिती बनावट असल्याच्या संशयावरून 2015 मध्ये मागे घेण्यात आला होता, आणि त्यातील विसंगती उघड करणाऱ्यांत हेच दोघे होते. म्हणून त्यांच्या निष्कर्षाला मी अधिक वजन देतो. 2020 मध्ये त्यांनी पुढचा प्रश्न तपासला : या संभाषणातला नेमका कोणता भाग काम करतो? उत्तर असे मिळाले की दोष न देता एकमेकांचे अनुभव सांगणे हा भाग काढून केवळ युक्तिवाद ठेवले तर परिणाम जवळजवळ उरत नाही.

याचा अर्थ पूर्वग्रहाला मान डोलवावी असा नाही. 'मला हे पटत नाही' हे आरंभीच स्वच्छ सांगावे, आणि मग विचारावे की असे प्रथम केव्हा वाटू लागले, त्या गटातल्या कोणाशी प्रत्यक्ष ओळख आहे का आणि ती व्यक्ती कशी आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडले होते की समान दर्जाने, समान उद्दिष्टासाठी, एकमेकांच्या सहकार्याने आणि संस्थेच्या पाठिंब्याने झालेला संपर्क पूर्वग्रह कमी करतो. संभाषण अशा संपर्काची जागा घेऊ शकत नाही. फार तर त्याची आठवण करून देऊ शकते.

धर्मश्रद्धेच्या बाबतीत वाद घालण्यापूर्वी आपण नक्की कशाबद्दल बोलत आहोत हे ठरवणे भाग आहे, कारण श्रद्धा या नावाखाली निदान तीन गोष्टी एकत्र नांदतात. पृथ्वी काही हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली हे जगाविषयीचे विधान आहे. ते तपासता येते, आणि किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयावरून पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे निघते. ईश्वर आहे की नाही हा प्रश्न अशा रीतीने सुटत नाही. धार्मिक असणे आणि ईश्वर मानणे हेही एकच नव्हे : पूर्वमीमांसक, म्हणजे वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे अनुयायी, वेदप्रामाण्याचे कट्टर समर्थक होते, तरी कुमारिल भट्टांनी सृष्टिकर्त्या ईश्वराचे खंडन केले, तर न्यायदर्शनाचे, म्हणजे तर्कशास्त्राच्या परंपरेचे, उदयनाचार्य यांनी ईश्वरसिद्धीसाठीच ग्रंथ रचला. ज्या वादात असे विद्वान गुंतले, तो एका संध्याकाळी निकालात निघावा ही अपेक्षा भाबडी आहे. तिसरी गोष्ट आचरणाची. श्रद्धेच्या आधारे कोणी दुसऱ्याचा विवाह, शिक्षण किंवा उपचार अडवू पाहत असेल तर तेथे अवश्य वाद घालावा, पण तो त्या दुसऱ्या व्यक्तीच्या हक्काबद्दल घालावा, ईश्वराच्या अस्तित्वाबद्दल नव्हे. शिवाय तो समोरच्याच्या परंपरेतील मूल्यांच्या आधारे मांडला तर ऐकला जाण्याची शक्यता वाढते. मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर यांच्या प्रयोगांत हेच दिसले, आणि हेही दिसले की माणसे आपण होऊन तसे करत नाहीत; ती दुसऱ्याला स्वतःच्याच मूल्यांची प्रवचने देत राहतात.

आता थांबावे कुठे, हा आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, येनकेनप्रकारेण जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणारी वितंडा. समोरचा यांपैकी काय करत आहे हे लवकर कळते. त्याचे म्हणणे, पूर्वपक्ष (खंडनाआधी मांडलेली प्रतिपक्षाची बाजू) म्हणून, त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत आपण मांडून दाखवावे आणि आपले म्हणणे त्याला तसेच मांडायला सांगावे. तो प्रयत्न करत असेल तर मतभेद कितीही तीव्र असोत, बोलत राहण्यात अर्थ आहे. तो टिंगल करत असेल तर तेथेच विषय बदलावा, आणि त्यासाठी संबंध तोडण्याची गरज नसते. अपवाद दोन. चर्चा इतरांसमोर चालली असेल तर उत्तर द्यावे, कारण ते ऐकणाऱ्यांसाठी असते. आणि पूर्वग्रह आपल्याच गटाविरुद्ध असेल, तर समोरच्याला शांतपणे शिकवत बसण्याची जबाबदारी आपली मुळीच नाही. ती त्याच्या गटातल्या, त्याच्याशी असहमत असलेल्या माणसांनी उचलावी.