सोलापूरजवळ पक्षी आणि रानफुलांचे फोटो काढायचे आहेत, ७०-३०० मिमीची झूम लेन्स पुरेल का?

पुरेल, फक्त पहाटे उठावं लागेल. बार्शी रस्त्यानं नान्नजच्या माळावर उजाडताना पोचा. ऊन चढलं की जमिनीतून झळा निघतात, मग लेन्स कितीही महाग असो, फोटो पाण्यातून काढल्यासारखा थरथरीत येतो. हे समजायला मला दोन उन्हाळे लागले!

माळढोक दिसेल ही आशा सोडा. १९७९ साली त्याच्यासाठी इथे अभयारण्य झालं, पण आता तो दिसणं जवळजवळ दुरापास्त. त्याऐवजी धाविक पक्षी शोधा. तांबूस डोकं, डोळ्यावरून काळी-पांढरी पट्टी. तुरुतुरु पळतो, थबकतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. तो थबकला की क्लिक. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको. गाडीतच बसून काचेवर उशी ठेवून काढा. पायी गेलात की उडालाच. नाहीतर जमिनीवर पालथं पडा, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून. मोज्यांत कुसळं शिरतील, त्याला इलाज नाही.

टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर मागे फिरा. अंडी खड्यांसारखीच दिसतात, पायाखाली येतील.

फुलांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर. तरवडाच्या फुलाचा पिवळा रंग कडक उन्हात फोटोत भगभगीत येतो, म्हणून छत्रीची सावली धरा. वारा मात्र थांबेपर्यंत वाट बघायची.

पाणपक्षी हवेत तर थंडीत हिप्परगा तलाव. अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या आणि ड्रोन घरीच ठेवा.