वाचकांचे प्रश्न : मुंबईजवळचा किनारा निवडताना

*सुट्टीच्या दिवशी मुंबईहून कुठल्या किनाऱ्यावर जावं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.*

आम्ही भायखळ्याला राहतो. घरात पाच आणि आठ वर्षांची मुलं आहेत, आईचे गुडघे दुखतात. गाडी आहे. एका दिवसात जाऊन यायचं आहे आणि मुलांना पाण्यात खेळायचं आहे. कुठे जावं?

अलिबागजवळच्या वरसोलीला जा. नागावचं नाव सगळे आधी घेतात, पण रविवारी तिथे पाण्यावरच्या स्कूटर आणि वाळूत पळणाऱ्या चारचाकी गाड्या यांच्यामधून लहान मुलांना सांभाळणं हेच दिवसभराचं काम होऊन बसतं. वरसोलीला उतार सौम्य आहे. सुरूची झाडं वाळूला लागूनच असल्याने आईंना सावलीत खुर्ची टाकून बसता येईल आणि मुलं त्यांच्या नजरेसमोर राहतील.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट तुमच्या सोयीची आहे. गाडी बोटीत चढते आणि सुमारे तासाभरात पलीकडे उतरते. गेटवेच्या लाँच स्वस्त पडतात, पण ओहोटीला तिथल्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो. दुखऱ्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. तिकीट काढताना आधी परतीची बोट पक्की करा, रविवारी संध्याकाळच्या जागा सर्वांत आधी संपतात. मांडवा ते अलिबाग हा जेमतेम वीस किलोमीटरचा रस्ता गर्दीच्या दिवशी तासभर खातो, हे धरूनच निघायची वेळ ठरवा.

आता दिवस कोणता? षष्ठी किंवा सप्तमीच्या आसपासचा शनिवार बघा. त्या दिवसांत दुपारी पाणी हळूहळू चढत असतं आणि चढतंही बेताने. मुलांना तीन ते सव्वाचार या वेळेत पाण्यात उतरवा. ओहोटी लागलेली असताना, म्हणजे पाणी समुद्राकडे ओढत असताना, मुलांना गुडघ्याच्या पुढे जाऊ देऊ नका. जेवणाची ऑर्डर गावातल्या खानावळीत सकाळी पोचल्यावरच देऊन ठेवा, दीड वाजता जाऊन मागितलं तर तासभर ताटकळावं लागतं. तिथीवरून पाण्याची वेळ कशी काढायची ते पुढच्या उत्तरात सांगितलं आहे.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायला दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी तर ओहोटीची वेळ पाहून, दुपारी एक वाजता बरोबर पोचलो होतो. तरीही मांडीपर्यंत पाणी होतं. आमचं काय चुकलं?

वेळ बरोबर होती, दिवस चुकला. दुपारी एकची ओहोटी म्हणजे बहुतेक नवमी असणार, आणि नवमी म्हणजे भांग.

पौर्णिमा आणि अमावास्येला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण येतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप ओसरतं. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांग. पाणी कमी चढतं आणि ओसरतंही कमी. मुंबईच्या अपोलो बंदराचे सरासरी आकडेच पाहा. उधाणाची भरती ४.४२ मीटर, ओहोटी ०.७६ मीटर. भांगाची भरती ३.३० मीटर, ओहोटी १.८६ मीटर. म्हणजे भांगाच्या ओहोटीला उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर पाणी जास्तच उरतं. तुमच्या मांडीला लागलं ते हेच पाणी. म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्यात नुसती वेळ पाहू नका, शेजारच्या रकान्यातली उंचीही पाहा. ओहोटीचा आकडा एक मीटरच्या आत असला, तरच चालत जायचा बेत करा.

तक्ता हाताशी नसला तर किनाऱ्यावरचा जुना हिशेब वापरा : तिथीला तिनाने गुणा आणि चाराने भागा. येईल तो आकडा म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे भरती तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब, आणि पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. भरतीत सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या पट्ट्यापुरता आहे आणि त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून किल्ल्यासारख्या ठिकाणी तक्त्याशी ताडून घ्या. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो आणि भांगाचंही तसंच, अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी.

कुलाब्यासाठी दोन दिवस उत्तम. एक त्रयोदशी : भरती पावणेदहाला, ओहोटी चारच्या सुमारास. अडीचला निघा आणि पाचच्या आत वाळूवर परत या. दुसरा दिवस वद्य द्वितीया किंवा तृतीया : ओहोटी सकाळी आठ-साडेआठला. सातला निघा, साडेनऊला परत. पौर्णिमेला पाणी उत्तम ओसरतं, पण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे दोन्ही वेळा अंधाराला लागून. ती वेळ टाळा.

वाटेत ओलसर वाळू संपून शेवाळी खडक लागतात, तिथे रबरी तळव्याच्या सँडल हव्यात, सपाता नकोत. किल्ल्यात पुष्करणी आणि गणपतीचं देऊळ पाहताना वेळेचं भान सुटतं. पाणी परत चढताना आधी मधल्या सखल पट्ट्यात भरतं, त्यामुळे किल्ल्याच्या दारातून वाट अजून कोरडी दिसते आणि माणसं फसतात. अडकलात तर पाण्यात उतरू नका, होडीची वाट पाहा.

अक्सा किनाऱ्यावर पाणी गुडघाभरच दिसतं. मग तिथे इतकी माणसं बुडतात कशी?

कारण तिथला तळ एकसारखा राहत नाही. जवळच खाडीचं तोंड आहे. येता-जाता पाण्याचा प्रवाह वाळू उचलतो आणि दुसरीकडे टाकतो, त्यातून खड्डे आणि चर तयार होतात. गेल्या महिन्यात जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे आज पुरुषभर असू शकतं आणि वरून काहीच कळत नाही. त्यात ओहोटी लागली की किनाऱ्यावर चढलेलं सगळं पाणी या चरांतूनच परत जातं. खेच तिथेच असते.

ती ओळखायची खूण आहे. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं उंच जागी उभं राहून लाटा पाहा. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा शांत, गढूळ, फेस समुद्राकडे वाहून नेणारा दिसतोय, तर तोच चर. नवख्या माणसाला नेमकी हीच शांत जागा सुरक्षित वाटते.

ओढले गेलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, प्रवाहापुढे कुणाचीच ताकद पुरत नाही. उताणे होऊन तरंगा आणि हात वर करून मदत मागा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर सरका. पट्टा अरुंद असतो, लाटा फुटणाऱ्या भागात आलात की त्याच तुम्हाला बाहेर ढकलतील. मित्राला वाचवायला उडी मारणारा दुसराही जातो, हे अक्सावर पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. म्हणून सोबत पाच लिटरचा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून ठेवा आणि तो बुडणाऱ्याकडे फेका. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली तर वाद न घालता बाहेर या. आमचं स्पष्ट मत : अक्सावर सूर्यास्त पाहावा, पाण्यात उतरू नये.

काशीदची वाळू पांढरी आणि अलिबागची काळी. म्हणजे काशीद जास्त स्वच्छ का?

रंगाचा स्वच्छतेशी संबंध नाही. काळी वाळू सह्याद्रीच्या काळ्या कातळाची, पांढुरक्या वाळूत शिंपल्यांचा चुरा जास्त. काशीद देखणं आहे, पण तिथे लाट किनाऱ्याजवळ येऊन जोराने फुटते. पोहण्यासाठी म्हणून ते निवडू नका.

गाडी नाही. लोकलने जाता येईल असा शांत किनारा कुठला?

केळवे. पश्चिम रेल्वेच्या विरार-डहाणू लोकलने केळवे रोडला उतरा, तिथून गावापर्यंत सहा-सात किलोमीटर रिक्षा मिळते. सुरूचं बन, शीतलादेवीचं देऊळ आणि लांब सपाट वाळू आहे. विरारच्या पुढे लोकल कमी, म्हणून उतरल्या उतरल्या परतीच्या गाड्यांच्या वेळा पाहून ठेवा आणि रिक्षावाल्याला न्यायला यायची वेळ सांगून ठेवा.

मुक्काम करणार असाल तर आणखी पुढे बोर्डी. जवळचं स्थानक घोलवड, चिकूच्या वाड्यांचं गाव. २०१६ साली इथल्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. बोर्डीला तळ फारच सपाट असल्याने ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि हाती चिखलट वाळू राहते. भिजायचं असेल तर भरतीच्या आधीचे दोन तास गाठा.

हिवाळ्यात पक्षी पाहायला जायचं आहे. दूरचे ठिपकेच दिसतात, दुर्बीण साधी आहे.

अलिबागजवळच्या आक्षीला जा आणि चढत्या पाण्याची वेळ धरा. ओहोटीला कुरव, चिखल्या, तुतवार लांबवर पसरून चरत असतात. पाणी चढू लागलं की मोकळी वाळू आक्रसते आणि ते आपणहून तुमच्याकडे सरकतात. भरतीच्या दोन तास आधी, सूर्य पाठीमागे राहील अशा बेताने सकाळी वाळूच्या कडेला बसून राहा. तुम्ही चालत पुढे गेलात तर थवा उडालाच.

ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर निळे फुगे दिसले. मुलाने हात लावला आणि आग झाली. काय करायला हवं होतं?

ते ब्लूबॉटल, जेलीफिशसारखे डंख करणारे समुद्री जीव. पावसाळी वाऱ्यांबरोबर वाहत येतात. वाळूवर मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डंख करतात. धागे हाताला न लावता चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने उचलून काढा आणि समुद्राच्याच पाण्याने धुवा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, वीस मिनिटं हात बुडवून ठेवा. पाणी आधी मोठ्या माणसाने तपासावं. चोळू नका, व्हिनेगर लावू नका. धाप लागली किंवा चेहऱ्यावर सूज आली तर थेट दवाखाना गाठा.

पाकट या चपट्या माशाच्या शेपटीचा काटा लागला तरीही गरम पाणीच. पण काटा जखमेत खोल रुतला असेल तर तो उपसू नका, डॉक्टरांना काढू द्या. पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाललात, तर वाळूत दडलेलं पाकट आधीच सरकतं.

तळव्यांना काळं डांबर चिकटतं, साबणाने जात नाही.

समुद्रात सांडलेल्या तेलाच्या या गोळ्या मे ते सप्टेंबर या काळात लाटांबरोबर येतात. कापसावर खोबरेल तेल घेऊन दोन मिनिटं चोळा, डांबर सुटेल, मग साबण लावा. रॉकेल वापरू नका, त्वचा सोलवटते. कपड्यांवरचा डाग मात्र पुरता निघत नाही, म्हणून त्या महिन्यांत जुने कपडे घाला आणि गाडीत चढण्याआधी चपलांचे तळ पाहून घ्या.