स्थलांतरित अफगाणांच्या मंडळाने आरोग्याची माहिती आणि वारसा एकत्र का सांगावा?

कारण सणावाराला ज्यांच्या घरी जाणे-येणे असते, त्यांच्याच तोंडून लसीची किंवा मधुमेहाची माहिती लोक मनापासून ऐकतात. मेलबर्नजवळच्या डँडेनाँगमध्ये अफगाणिस्तानातून आलेल्या हजारा समाजाची मोठी वस्ती आहे. तेथील अनेक वयस्क स्त्रियांना शाळेत जाण्याची संधीच मिळाली नाही, त्यामुळे दरी या अफगाणिस्तानातील भाषेतले छापील पत्रक त्यांच्या उपयोगी पडत नाही, हजारगी या त्यांच्या बोलीतला ध्वनिसंदेश मात्र लगेच पोहोचतो. डॉक्टरांकडे जाताना १३१ ४५० या क्रमांकावर सरकारी दुभाषी मिळतो, हे अशा संदेशात आवर्जून सांगावे. आईच्या दुखण्याचे भाषांतर शाळकरी मुलावर सोपवणे मला अत्यंत चुकीचे वाटते.

नवरोजला, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास येणाऱ्या नववर्षाच्या सणाला, मनुका, जर्दाळू, अक्रोड, पिस्ते, सोललेले बदाम वगैरे सात प्रकारचा सुका मेवा, म्हणजे ‘हफ्त मेवा’, पाण्यात भिजवतात. त्या पाण्यात मनुकांचा गोडवा इतका उतरतो की वेगळी साखर लागत नाही. मधुमेह असलेल्यांनी तो बेताने घ्यावा, हे ती वाटी हातात देतानाच सांगितलेले बरे. मुलांना हेही कळावे की १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांची ऑस्ट्रेलिया ओलांडण्याची मोहीम मेलबर्नहून निघाली, तेव्हा तिच्यात उंट सांभाळणारेही होते, आणि अशा उंटवाल्यांना तिथले लोक पुढे सरसकट ‘अफगाण’ म्हणू लागले.