मागच्या खेपेचे तास

प्रिय,

मॅनेजरने 'टेस्टिंगला किती दिवस?' विचारलं, तुझ्या तोंडून 'पाच' निघून गेलं आणि आता झोप उडाली आहे, असं लिहिलंस. हे पाच आले कुठून ते आधी पाहू. टेस्ट केसेस, म्हणजे एकेक करून तपासायच्या गोष्टी, दोनशे, दिवसाला चाळीस. हिशेब बरोबर आहे, पण अपुरा. बिल्ड, म्हणजे तपासायला हातात आलेलं सॉफ्टवेअर, पहिल्याच फटक्यात चालेल, डेटा तयार असेल आणि एकही बग, म्हणजे चूक, निघणार नाही, असं तू त्यात धरलंयस. बग निघणारच नसतील तर आपण टेस्टिंग कशाला करतो?

2017 च्या जूनमध्ये मी एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या जीएसटी बदलांचं टेस्टिंग करत होतो. 1 जुलै ही तारीख हलणारी नव्हती. मी आठ दिवस सांगितले, लागले चौदा. 99.50 रुपयांच्या एका वस्तूने आम्हाला दमवलं. परराज्यातल्या बिलावर 18 टक्क्यांनी 17.91 रुपये कर यायचा. राज्यातल्या बिलावर तोच कर केंद्राचा 9 आणि राज्याचा 9 टक्के असा विभागला की प्रत्येक भाग 8.955, राउंड होऊन 8.96, बेरीज 17.92. फरक एका पैशाचा! पण तो कुठे आणि कसा दाखवायचा यावर दुरुस्ती तीनदा आली, आणि तिन्ही वेळा सगळी बिलं पुन्हा तपासावी लागली.

नंतर मी तासांची नोंद काढून बसलो. केसेस चालवायला सहाच दिवस गेले होते, म्हणजे अंदाजापेक्षा कमी. रीटेस्ट (दुरुस्त झालेला बग पुन्हा तपासणं) आणि रिग्रेशन (दुरुस्तीने आधीचं काही बिघडलं का ते बघणं) यांनी पाच खाल्ले, बंद पडलेल्या एन्व्हायर्नमेंटने, म्हणजे टेस्टिंगसाठीच्या सर्व्हर-यंत्रणेने, आणि डेटा तयार करण्याने तीन. हे आठ दिवस माझ्या हिशेबात नव्हतेच. 1979 मध्ये डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी या चुकीला 'प्लॅनिंग फॅलसी' म्हटलं: माणूस हातातल्या योजनेकडे बघतो, तसल्याच जुन्या कामांना किती वेळ लागला होता हे बघत नाही.

म्हणून आधी तुमच्याच टीमची मागची दोन-तीन रिलीज, म्हणजे ग्राहकांना दिलेल्या आवृत्त्या, काढ. टाइमशीटवर फार भिस्त ठेवू नकोस, तिथे सगळे आठ तास भरतात. बग ट्रॅकरमधल्या, म्हणजे बगांच्या नोंदवहीतल्या, तारखा बघ: बग कधी नोंदला, दुरुस्त झाला म्हणून बंद केल्यावर कितीदा रीओपन झाला, शेवटी कधी बंद झाला. खरा वेळ तिथे सापडतो. मात्र मागचं काम या कामासारखं आहे का, हे तपासून घे. डेव्हलपर नवे असतील किंवा बाहेरचं पेमेंट गेटवे पहिल्यांदाच जोडलं जात असेल, तर जुना आकडा तसाच उचलू नकोस.

मग तीन आकडे मांड. समजा सगळं सुरळीत झालं तर 5, बहुधा 8, वाईटात वाईट 17. मधल्याला चारने गुणून तिन्हींची बेरीज कर आणि सहाने भाग: 9. ही रीत 1958 च्या सुमाराला अमेरिकी नौदलाच्या पोलारिस प्रकल्पात निघाली. सूत्र सोपं आहे. त्यातला 17 तुमच्या जुन्या रिलीजमधून आलेला हवा, मनाने घातलेला नको.

उद्या सकाळीच मॅनेजरला भेट. 'पाच म्हटलं होतं, नऊ लागतील, सतरापर्यंतही जाऊ शकतात,' असं सांग आणि रीओपन झालेल्या बगांची यादी समोर ठेव. पहिल्या दिवशी हे ऐकून घेतात, चौथ्या दिवशी नाही. काय म्हणाले ते मला कळव.

तुझा,
दादा