सासूबाईंची काळजी घेताना स्वतःचीही घ्या

ताई, स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाई तोच प्रश्न दहादा विचारतात तेव्हा संताप येणे स्वाभाविक आहे; त्यापायी स्वतःला दोष देत बसू नका. दिवेलागणीला त्यांची घालमेल वाढून 'मला घरी जायचंय' म्हणत त्या दाराची कडी चाचपू लागल्या, तर वाद न घालता खोलीतला दिवा लवकर लावावा आणि सुपात मूठभर शेंगा सोलायला द्याव्यात. आठवड्यातून एखादी संध्याकाळ मात्र दीर-नणंदांवर जबाबदारी सोपवून तुम्ही सिद्धेश्वर तलावाकाठी फिरून याच (नातेवाईक बोलतील, बोलू द्या). झोप उडाली किंवा सतत रडू येऊ लागले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते. तरीही बरे न वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यावी आणि सोबत यजमानांनाही न्यावे.