मोटरसायकलसाठी वेगळा जीपीएस घ्यावा की मोबाईलच पुरतो? घ्यायचा तर काय बघून घ्यावा?

लांबच्या प्रवासाला बाईकवर वेगळा जीपीएस लागतोच का, आणि इतक्या मॉडेलांतून निवडायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. मी तीन वर्षं मोबाईल हँडलला लावून फिरले आणि आता वेगळा जीपीएस वापरते, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

नकाशा बघून निवड करू नका. नकाशे आता बहुतेकांचे चांगलेच असतात. बाईकवर खरी परीक्षा घेतात ते ऊन, पाऊस, हादरे आणि हातमोजे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. स्क्रीन नीट दिसेना म्हणून दोन सेकंद जास्त बघत राहिलात, की ४४ मीटर रस्ता तुम्ही पाहिलेलाच नसतो.

माझं मत बदललं ते एका संध्याकाळच्या पावसात. मोबाईल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये होता, पाणी आत जात नव्हतं. पण वरून पडणारा प्रत्येक थेंब स्क्रीनला बोटासारखा वाटत होता. नकाशा आपोआप लहान-मोठा व्हायला लागला, मग ‘मार्ग बंद करायचा का?’ अशी चौकट आली आणि कुठल्यातरी थेंबाने ‘हो’ दाबलं. घाटात कडेला थांबले, हातमोजा काढला, तर ओल्या बोटाला स्क्रीन दाद देईना. पुढे चार्जिंगची पिन लावली तर ओलावा असल्याचा इशारा आला आणि चार्जिंगच बंद. अंधारात, अनोळखी रस्त्यावर, बॅटरी संपत आलेली. त्या दिवशी खरंच घाबरले होते.

बाईकसाठी बनवलेल्या जीपीएसचे पैसे ह्याच गोष्टींसाठी मोजायचे असतात. उदाहरणार्थ गार्मिनची झूमो मालिका किंवा टॉमटॉमची रायडर, त्यांची स्क्रीन हातमोज्यांसकट चालावी अशीच बनवलेली असते. पाण्याबाबत आयपीएक्स ७ असं लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. पण ही चाचणी स्थिर पाण्यातली आहे. वेगात समोरून आदळणारा पाऊस जोरदार फवाऱ्यासारखा असतो, आणि त्याचे आकडे ५ आणि ६. ७ च्या जोडीला ५ किंवा ६ सुद्धा दिलेला असेल तर उत्तम. आणि यंत्र ज्यात बसतं त्या पाळण्याचे विजेचे पॉइंट उघडे आहेत की झाकलेले, तेही बघा.

मोबाईल वाईट असं मी म्हणत नाही. रोजच्या शहरातल्या फेऱ्यांना तो भरपूर झाला. फक्त हादरे शोषणारा होल्डर घ्या. मोठ्या इंजिनांच्या हादऱ्यांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलंय. आणखी एक गैरसमज: रेंज गेली की जीपीएस बंद पडतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही, जागा उपग्रहांवरूनच कळते. रेंज नसली तर पहिल्यांदा जागा पकडायला थोडा वेळ जातो, आणि उतरवून न ठेवलेला नकाशा दिसत नाही. म्हणून निघण्याआधी नकाशा मोबाईलमध्ये उतरवून घ्या.

आता ज्याकडे विकत घेताना कुणी बघत नाही ते. तुम्ही घरी बसून मार्ग आखणार असाल तर तो यंत्रात जीपीएक्स फाइलने जातो, आणि त्या फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात: रूट आणि ट्रॅक. ट्रॅक म्हणजे आखलेली रेघ, आहे तशी. रूट म्हणजे काही बिंदू, आणि त्यांच्या मधला रस्ता यंत्र स्वतःच्या हिशेबाने ठरवतं. तुम्ही वळणावळणाचा डोंगररस्ता आखलेला असतो आणि यंत्र तुम्हाला सरळ हायवेवर नेतं, ते ह्यामुळे. उपाय सोपा आहे: हव्या त्या रस्त्यावर मध्ये मध्ये जास्तीचे बिंदू टाका, आणि ते चौकात न टाकता चौकापासून पुढे रस्त्यावरच टाका. चौकातला बिंदू जरा सरकला की यंत्र भलत्या फाट्यात शिरून परत फिरायला सांगतं. एखादा बिंदू चुकलाच तर तो सोडून पुढे जायचं बटण किती चटकन सापडतं, हे घेण्याआधी दाबून बघा. माझ्या लेखी ते बटण स्क्रीनच्या आकारापेक्षा महत्त्वाचं आहे.

पैसे मोजकेच असतील तर मी आधी हेल्मेटमधला ब्लूटूथ इंटरकॉम घेईन. ‘दोनशे मीटरवर डावीकडे’ हे कानात ऐकू आलं की स्क्रीनकडे बघायचं काम निम्म्याहून कमी होतं. मात्र जीपीएस आणि इंटरकॉम एकमेकांशी जुळतात का, ते दोन्ही हातात घेऊन तपासा.

वायरिंग इग्निशनवरून घ्या, फ्यूज टाकूनच. थेट बॅटरीला जोडलेला पाळणा उभ्या गाडीतही थोडा थोडा करंट खात राहतो.

आणि दुकानात जाताना स्वतःचे हातमोजे आणि गॉगल बरोबर न्या. गॉगल पोलराइज्ड (रस्त्यावरची चकाकी अडवणाऱ्या काचांचा) असेल तर काही स्क्रीन आडव्या धरल्यावर स्वच्छ दिसतात आणि उभ्या धरल्यावर पार काळ्या पडतात, किंवा उलट. दोन्ही बाजूंनी फिरवून, शक्यतो बाहेर उन्हात नेऊन बघा.